मलमलीची चकती

राजारामपुरीत कान कुणाला असेल तर तो आपल्यालाच, असं अण्णाप्पा मगदूमांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. जैनाघरचा माणूस, जन्मात कांद्याला शिवला नाही, पण नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवा हेडफोन लावून एखादा पोरगा जिन्यातून गेला की ते म्हणायचे, "प्लॅस्टिकच्या वाट्या अडकवून चाललंय बघा, आमटी वाढून घ्यायला." पोराला ते ऐकू जायचं नाही, हे त्याचं नशीब.

त्यांचा सगळा जीव जुन्या हेडफोनांत. फ्लॅटची गॅलरी काचा लावून बंद केली होती आणि तिथं खिळ्यांना ओळीनं हेडफोन टांगलेले असत. कुणाच्या माळ्यावरून निघालेले, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले, जर्मन, जपानी, पन्नास वर्षांपूर्वीचे. असा हेडफोन उघडला की आतल्या स्पंजाची राख झालेली असते. अण्णाप्पा ती मऊ ब्रशानं झाडत, वायर बदलत, मागची भोकं पट्टीनं कमीजास्त झाकत, आणि मग खरी गंमत सुरू व्हायची. आवाज ज्या पातळ पडद्यातून येतो त्याच्यापुढं फेल्टची चकती बसवायची. फेल्ट जाड झालं तर गाणारा गोधडीखालून गातोय असं वाटतं, पातळ झालं तर कानात सुई जाते. ती नेमकी जाडी सापडेपर्यंत ते चकती घालत, काढत, ऐकत, परत काढत. एका हेडफोनापायी आठवडा जायचा. सापडली की गॅलरीतूनच ओरडत, "उघडला गं आवाज!" जणू घरात वासरू झालं होतं.

तसा त्यांचा कान कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतही नावाजलेला होता. तिथल्या एका कारखान्यात ते फोरमन होते. मशीन बिघडलं की अण्णाप्पा पुढं होऊन नुसतं ऐकत आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत. कानात घालायला बोळे मिळायचे, ते त्यांनी एकदाही घातले नाहीत. बोळे घातल्यावर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं, हा त्यांचा सवाल. निवृत्त झाल्यावर बाकीचे फोरमन शेतीकडं नाहीतर बिछान्याकडं गेले. अण्णाप्पा गॅलरीत गेले, आणि कोल्हापूर-सांगलीची हौशी मंडळी त्यांच्याकडं जुने हेडफोन घेऊन यायला लागली. काका, काका म्हणून त्यांच्यापुढं खुर्चीच्या कडेवर बसायची. पगारापेक्षा त्या काका म्हणण्यावर अण्णाप्पांची तब्येत सुधारली.

बायको पद्मावती हुपरीची. माहेरी घरातच पैंजणांचं काम. बारीक चिमट्यानं साखळीला घुंगरू जोडायचं काम तिनं लहानपणापासून केलेलं. बोलणं मात्र इतकं हळू की लग्न ठरताना सासूबाईंनी मुलीला वाचा आहे ना, असं आडून विचारून घेतलं होतं. कोल्हापुरात दोन माणसं प्रेमानं बोलली तरी तिसऱ्याला भांडण वाटतं, अशा गावात ही बाई पस्तीस वर्षं कुजबुजत राहिली.

हेडफोनाच्या कामात तिचा वाटा शेवटचा. कानाला लागणाऱ्या गाद्या, म्हणजे पॅड, चामड्याचे करायचे नाहीत हा अण्णाप्पांचा धर्म. चपलांच्या गावात राहून ते चामड्याशिवाय काम भागवत. पद्मावती जुन्या मलमलीत कापूस भरून पॅड शिवायची आणि हेडफोनावर चढवायची. इतकी बारीक शिवण की शोधून सापडू नये. अण्णाप्पांच्या लेखी ते शिवणकाम, संगीताशी त्याचा संबंध नाही. "आवाज मी बसवलाय, तू नुसती टोपडी घाल," असं ते म्हणत आणि ती घालत असे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी राजवर्धन आला. राजारामपुरीतच त्याचे क्लासेस आहेत, फिजिक्स शिकवतो. हेडफोन त्यानं आठवड्यापूर्वी नेला होता, तो पिशवीतून परत काढला.

"काका, रागावू नका. पर कानाला टोचतंय की."

"टोचतंय?"

"शब्दात 'स' आला की सुई घुसल्यागत वाटतंय. आधीचा तुम्ही केलेला असा नव्हता."

अण्णाप्पांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, मान डोलावली. "नाचता येईना अंगण वाकडं! तुझं कान त्या वाट्यांनी बिघडलेत. आवाज मोकळा झालाय, तुला सवय न्हाय त्याची. ठेव हितं, पॅड जरा चपलेत, काकू बदलून देतील. परत घालून बघ."

पद्मावती आतून चहा घेऊन येत होती. तिनं सगळं ऐकलं. राजवर्धन गेल्यावर आणि अण्णाप्पा आडवे झाल्यावर तिनं पॅड बदलायच्या निमित्तानं तो हेडफोन कानाला लावला, आणि गाणं सुरू होताच ओढून काढला. पोरगा खोटं बोलत नव्हता. तिनं पॅड उचकटून आत पाहिलं. पडद्यापुढं फेल्टच नव्हतं. अण्णाप्पांनी ते पातळ करत करत शेवटी काढूनच टाकलं होतं.

मग तिला एकेक आठवत गेलं. हल्ली कुकरची शिट्टी झाली तरी हे पेपरातून मान वर काढत नाहीत. फोन शेजारी वाजतो आणि तो उचलायला ती स्वयंपाकघरातून येते. लेक प्रियदर्शनी बेंगळुरूहून फोनवर बोलते तेव्हा हे म्हणतात, "पोरगी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीया." आईवर गेली, असं पद्मावती तेव्हा म्हणाली होती. पोरगी तोंडातल्या तोंडात बोलत नव्हती. ह्यांचा कान चालला होता. बारीक आवाज आधी गेले होते, आणि गेलेले आवाज परत यावेत म्हणून हे बिचारे हेडफोनातलं फेल्ट काढत सुटले होते.

पद्मावती हातात हेडफोन घेऊन गॅलरीत बसून रडली. तिला स्वतःला संगीतातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण गॅलरीतून 'उघडला गं' अशी हाक आली की तिलाही बरं वाटायचं. आता त्या माणसाला जाऊन सांगायचं की अहो, आवाज उघडला नाही, तुमचा कान मिटला? कारखाना सुटला तेव्हा निदान निरोप समारंभ झाला होता, शाल मिळाली होती. इथं काय मिळणार होतं? त्यांच्याजवळ कानाशिवाय दुसरं मिरवायला काही नव्हतं आणि ते त्यांच्याइतकंच तिलाही माहीत होतं.

तिनं डोळे पुसले आणि शिवणाच्या डब्यातून मलमल काढली. दुहेरी घडी करून दोन गोल कापले, कड दुमडून बारीक टाके घातले आणि त्या चकत्या फेल्टच्या जागी बसवून वरून पॅड चढवला. हेडफोन कानाला लावून बघितला. अजून टोचत होतं. तिहेरी घडी केली. मग टोचायचं थांबलं.

चार दिवसांनी राजवर्धनचा फोन आला. अण्णाप्पांनी स्पीकरवर टाकला, आणि पोरानं ओरडून सांगितलं, "काका, आता एक नंबर! लोण्यागत आवाज झालाय!"

"मी हात बी लावलो न्हाय त्याला," अण्णाप्पा फोन ठेवून बायकोला म्हणाले. "बघितलीस? कान बसायला वेळ लागतो माणसाचा."

"व्हय," पद्मावती म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खरं, पण मूठ सारखी झाकून धरायची म्हणजे हात दुखतो. त्या दिवसापासून प्रत्येक हेडफोन दोनदा तयार व्हायला लागला. आधी अण्णाप्पा तो पार उघडा करून टाकत, मग पद्मावती पॅड चढवताना मलमल घालून मिटत असे. माणसं खूश व्हायला लागली. आधीपेक्षा जास्तच खूश, हा सगळ्यात वाईट भाग. काकांचा हात आता पिकलाय, असं म्हणायला लागली. कौतुक वाढलं तसा अण्णाप्पांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास वाढला, आणि विश्वास वाढला तसं ते आणखी उघडं करायला लागले, आणि ती घडीवर घडी घालत गेली. ओळखीचं गाणं माणूस कानानं थोडं आणि आठवणीनं जास्त ऐकतो. अण्णाप्पांना शेकड्यांनी गाणी पाठ होती. त्यामुळं त्यांना काही कमी पडत नव्हतं.

मधल्या भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व आलं. त्याच्या शेवटी क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत जे काही दुखावलं असेल त्याची एकमेकांची क्षमा मागायची, लहानानं मोठ्याची आणि मोठ्यानंही लहानाची. बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, घरी आल्यावर अण्णाप्पा चपला काढत होते तेव्हा पद्मावतीनं हात जोडले. आज सांगायचंच असं ती देवासमोर ठरवून आली होती.

"अहो, मला क्षमा करा. तुम्ही केलेल्या हेडफोनात मी मलमल घालतो. तुम्हाला बारीक आवाज ऐकू येईनात म्हणून."

अण्णाप्पांनी वर पाहिलं, हसले, हात जोडले आणि म्हणाले, "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा." आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

न ऐकता केलेली ती क्षमा घेऊन बाईनं काय करायचं? परत सांगायला तोंड उघडवेना. मागितली, मिळाली, पण जशीच्या तशी हातात राहिली. तिनं पानं वाढली.

यंदा मे महिन्यात तिच्या भाच्याचा साखरपुडा निघाला. "मी चार दिवसांत येतो," असं सांगून ती हुपरीच्या एसटीत बसली. निघण्याआधी गॅलरीत नजर फिरवली. पॅड चढवायचा एकही हेडफोन शिल्लक नव्हता, म्हणून ती निर्धास्त होती.

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी राजवर्धन दारात.

"काकू न्हाईत? पॅड मळलेत, बदलून पाहिजे हुतं."

"काकू काय करती ते मला येत न्हाय व्हय?" अण्णाप्पांनी हेडफोन घेतला, नखानं पॅड उचकटला, आणि पांढरी चकती टेबलावर पडली. दुसरा काढला. दुसरी पडली.

अण्णाप्पांनी चकत्या उचलून उजेडात धरल्या. मलमल त्यांना ओळखू आली. कडेचे टाकेही ओळखू आले. ते टाके दुसऱ्या कुणाला घालता येतच नाहीत.

"हे काय?" ते म्हणाले.

राजवर्धन हसून मोठ्यानं म्हणाला, "तुमचंच काम की काका! त्यानंच तर आवाज गोड झालाय. मी मागंच काढून बघितलतं, पर म्हटलं काकांचं गुपित हाय, कशाला कुणाला सांगा."

अण्णाप्पांनी दोन्ही चकत्या मुठीत घेतल्या. मग ते म्हणाले, "व्हय व्हय. माझंच. ठेव हितं, चार दिवसांनी ने."

पोरगा गेल्यावर त्यांनी दार लावलं. आधी राग आला, असा की त्या दोन चकत्या टराटरा फाडाव्यात. आपल्या कामात हात घातला! आवाजातलं अक्षर कळत नसलेल्या बाईनं! पण ते फोरमन होते. आधी तपासायचं, मग ओरडायचं. बिघाड शोधताना एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा नियम त्यांनी कागलमध्ये कित्येक पोरांना शिव्या देऊन शिकवला होता.

त्यांनी बस्तीतल्या भजनाची कॅसेट काढली. कधीकाळी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन स्वतःच भरलेली, बऱ्याच वर्षांत न लावलेली. तिच्यात एका ठिकाणी सगळी मंडळी थांबतात आणि एकच झांज वाजते. तिचा नाद लांबत जातो, बारीक होतो आणि विझतो. सोबतीला दुसरं काही नाही, त्यामुळं तिथं फसवाफसवी चालत नाही.

चकती घालून ऐकलं. झांजेचा ठोका पडला, पातेलं ठेवल्यासारखा, आणि पुढं काही नाही. चकती काढून ऐकलं. ठोका, आणि पुढं काही नाही.

टेपचं हेड मळलं असेल म्हणून स्पिरिटनं पुसलं. तसंच. वायर बदलली. तसंच. खिळ्यावरचा आपला स्वतःचा हेडफोन काढला, ज्यात मलमल नव्हती आणि फेल्टही नव्हतं. तसंच. कॅसेट जुनी, तिच्यातलाच आवाज उडाला असेल, असंही मनात आलं, आणि त्या आशेला ते बराच वेळ धरून बसले. पण दुसरी कॅसेट लावली तरी चकती घालण्या-काढण्यात काडीचा फरक पडेना. राजवर्धनला पडत होता. पद्मावतीला पडत होता, नाहीतर तिनं ती कापली कशी असती? एकेक करून सगळं बदलून झालं होतं. न बदललेलं एकच राहिलं होतं, आणि ते त्यांच्या मानेवर होतं.

दुपारभर ते तसेच बसले. माणूस गेला की रडायला शेजारी येतात. कान गेला तर कुणाला सांगायचं? आणि तो आज गेला नव्हता. केव्हाच गेला होता, बायकोला माहीत होतं, आणि ते एकटे त्याच्या जोरावर मिरवत होते. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. संध्याकाळी ते न जेवता झोपले.

चौथ्या दिवशी पद्मावती परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पिशव्या ठेवून ती पाणी प्यायली आणि गॅलरीत डोकावली. टेबलावर दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. ती दारातच खाली बसली.

"कधीपासनं?" अण्णाप्पांनी विचारलं.

"राजवर्धन टोचतंय म्हणून आलता, तवापासनं."

"काय?"

तिनं तेच मोठ्यानं सांगितलं.

"सगळ्यांत घालतीस?"

तिनं मान डोलावली.

"म्हंजे लोकं वाखाणत हुती ती तुला. आणि मी हितं छाती फुगवून..." ते तिच्याकडं वळले. "मला सांगायचं न्हाईस, पद्मा?"

"सांगितलंतं. क्षमावाणीला. बस्तीतनं आल्यावर."

"मग मी काय म्हणालो?"

"उत्तम क्षमा म्हणालासा."

अण्णाप्पा हसायला गेले आणि रडायला लागले. तिनं त्यांना रडताना त्यांची आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज. ती उठून जवळ गेली. बोललेलं ऐकू जाईल की नाही ते तिला कळेना, म्हणून तिनं नुसता खांद्यावर हात ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं. चकत्या उचलून राजवर्धनच्या हेडफोनात बसवल्या, वर पॅड चढवले. हात सराईत होता.

"बस," ते म्हणाले. "एवढं लोण्यागत, लोण्यागत म्हंतात लोकं. मी एकदा बी ऐकलो न्हाय ते. तू ऐक आणि मला सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दोन वर्सं कळतंय तुला. बस."

ती खुर्चीवर बसली. ह्या घरात इतके हेडफोन आले नि गेले, पण ऐकायला म्हणून तिला कुणी त्या खुर्चीवर बसवलं नव्हतं. अण्णाप्पांनी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला, केस नीट मागं सारले, आणि कॅसेट लावून समोर स्टुलावर बसले. त्यांची नजर तिच्या तोंडावर होती.

"काय ऐकू येतंय?"

"भजन."

"भजन मला म्हाईत हाय. आता सगळी थांबतील. मग झांज."

"वाजली," पद्मावती म्हणाली आणि नकळत तिनं डोळे मिटले. तिला वाटलं नव्हतं इतकं ते सुंदर होतं. पहाटेच्या बस्तीत उभं राहिल्यासारखं.

"आता सोडू नकोस. हाय अजून?"

"हाय."

"बारीक झाली?"

"झाली. हाय पर."

नाद बारीक होत होत गेला. कुणीतरी खाकरलं आणि भजन पुन्हा सुरू झालं. पद्मावतीनं डोळे उघडले. समोर अण्णाप्पा स्टुलावरून पुढं झुकले होते, जेवायला वाढायची वाट बघणाऱ्या पोरासारखे. तिला सांगवेना.

"हाय अजून," ती म्हणाली. "लांबतीया."

अण्णाप्पांनी कॅसेटच्या फिरणाऱ्या चाकाकडं पाहिलं आणि सावकाश मान हलवली.

"न्हाय, पद्मा. एवढी लांब न्हाय ती. मघाच कुणीतरी खाकरलंय आणि भजन सुरू झालंय. मला पाठ हाय सगळं." त्यांनी तिचा हात धरला. "आता तरी खोटं नको."

तिच्या कानात भजन चाललं होतं. तिनं हेडफोन काढला.

"संपली," ती म्हणाली.

अण्णाप्पा तिच्या ओठांकडं बघत राहिले. "मोठ्यानं म्हण," ते म्हणाले. "मला ऐकू आलं पाहिजे."

उभ्या जन्मात ती बाई कुणावर ओरडली नव्हती. तिनं नवऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरले, छातीत श्वास भरून घेतला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "संपली! अहो, संपली!"